उजव्या खांद्याचं दुखणं

शहापुरात दवाखाना थाटल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच माझी खात्री झाली, की इथल्या माणसांना गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकच अवयव असतो आणि त्याचं नाव पोट. छातीत जळजळलं तरी पोट, कंबर धरली तरी पोट, आणि बायकांची तर झाडून सगळी दुखणी पोटातच. ‘पोटात कसंतरी हुतंय’ एवढं सांगून माणूस समोर बसायचा. उरलेलं मी ओळखायचं. कुणाची बेंबी सरकलेली असायची, कुणाच्या पोटात गोळा उठलेला असायचा, कुणाला चार वर्षांपूर्वी खाल्लेलं वांगं बाधलेलं असायचं. मी ओळखलं नाही की हा कसला डॉक्टर, म्हणून माणूस दुसरीकडे.

त्यात शौचाचं विचारायची सोय नव्हती. परसाकडला किती वेळा जाता, आंव पडते का, रक्त पडतं का, असं विचारलं की पुरुष छताकडे बघायचे आणि बायका सासूकडे. सासू ठामपणे सांगायची की तसलं काही नाही. हिला काय ठाऊक, असा प्रश्न माझ्या ओठांवर यायचा, पण सासूला दुखवून त्या गल्लीत दवाखाना चालवणं शक्य नव्हतं. नमुना आणायला सांगितला तर माणूस पंधरा दिवस फिरकायचा नाही. एका गृहस्थाने तर लाजेपोटी स्वतःच्या ऐवजी धाकट्या मुलाचा नमुना आणून दिला. मी मोठ्या हुशारीने त्यात जंत शोधले आणि बापाला जंताचं औषध पाजलं. हे मला सहा महिन्यांनी, तेही त्याच्या बायकोने हसत हसत सांगितलं.

मी मूळचा निपाणीचा, तंबाखूच्या वखारीतल्या कारकुनाचा मुलगा. मुंबईला जाऊन डॉक्टरी शिकलो आणि सासुरवाडी शहापूरची म्हणून इथे येऊन बसलो. स्वभावाने तापट. गल्लीत माझ्याविषयी बोललं जायचं, की डाक्टर चिडका हाय, पण हाताला गुण हाय. यातला दुसरा भाग मी अगदी मनापासून खरा मानत होतो.

दवाखान्याच्या तिन्ही बाजूंना विणकरांची घरं. सकाळी मागांचा खटखटाट सुरू झाला की नळी रोग्याच्या छातीला लावून काही ऐकू येईल तर शपथ. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, विणलेलं लुगडं गुंडाळायचा लाकडी रूळ त्याच्या पोटाशी असतो, आणि उजव्या हाताने दोरीला हिसका देऊन तो धोटा इकडून तिकडे पळवतो. दिवसभरात असे हिसके किती, ते कुणी मोजले नसतील. त्यामुळे चाळिशीच्या आत प्रत्येकाचा उजवा खांदा दुखू लागे. या खांद्यावर मी स्वतः एक तेल तयार केलं होतं. कापूर, टर्पेंटाइन आणि आणखी दोन गोष्टी, ज्या मी कुणाला सांगत नसे. भली मोठी काळी बाटली कपाटात वरच्या फळीवर असे. विणकर दारात उभा राहिला आणि त्याने उजवा खांदा किंचित उचलून धरला असला, की मी तो आत यायच्या आधीच कंपाउंडरला बाटली खाली काढायला सांगायचो. माणसाला बसवायचं नाही, बंडी काढायला लावायची नाही, काही नाही. बघणारे थक्क व्हायचे आणि मला ते आवडायचं.

लढाई सुरू झाल्याला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आषाढात एक विणकर असाच दारात उभा राहिला. पस्तिशीचा, सडपातळ, बोलायला अगदी कमी. त्याचं घर दवाखान्यापासून चौथं. त्या घराला मी चांगला ओळखत होतो, कारण आदल्या पावसाळ्यात त्याचा थोरला भाऊ माझ्याच हातून गेला होता.

थोरल्याची हकीकत आधी सांगतो. त्यालाही आधी खांदा, मग ताप. पुढे तो खंगत गेला, खोकला लागला, आणि एक दिवस खोकता खोकता त्याच्या तोंडातून गुळणी पडली. घरच्यांनी धावत येऊन सांगितलं, रक्त पडलं. मी जाईपर्यंत बायकोने जमीन सारवून घेतली होती. विणकर, कोंदट घर, कापसाची धूळ, खंगलेलं अंग, ताप, खोकला आणि रक्त. आणखी काय हवं? मी क्षय म्हणून सांगितलं. बारा दिवसांत तो गेला. मग मी त्या घराला शिस्त लावली. त्याची गादी, पांघरूण, कपडे जाळायला लावले, भांडी उकळायला लावली, पोरांना चुलत्याच्या बाजूच्या खोलीत हलवलं. त्याच्या मागावर एक लुगडं चढलेलं होतं, बरंचसं विणून झालेलं. त्यावर तो महिनाभर खोकला होता. तेही कापून काढून जाळायला लावलं. त्याची बायको लुगड्याला हात लावू देईना. मी आवाज चढवला, पोरांची नावं घेऊन भीती घातली, तेव्हा ती बाजूला झाली. आपण किती कडक आणि किती शास्त्रशुद्ध वागलो, हे मी पुढे बऱ्याच ठिकाणी सांगत असे.

तर आता धाकटा दारात उभा होता आणि त्याने उजवा खांदा उचलून धरला होता. मागे त्याची बायको. मी बाटली काढायला सांगितली.

त्याची बायको मात्र जागची हलेना. थोरल्या दिराचंही असंच खांद्यापासून सुरू झालं होतं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मी तिला समजावलं, की थोरल्याचं दुखणं छातीचं होतं, खांदा सगळ्याच विणकरांचा दुखतो, याच्या छातीत काही नाही. बंडीवरूनच छातीला नळी लावून तिच्यासमोर तपासलंही. छाती डावीकडे स्वच्छ होती आणि उजवीकडे खाली आवाज थोडा कमी येत होता. मागांच्या खटखटाटात आवाज कमीच यायचा. मी नळी गुंडाळली.

आठ दिवसांनी दोघं परत आली. खांदा तसाच, वर संध्याकाळी थंडी वाजून ताप. पावसाळ्यातला थंडीताप म्हणजे हिवताप, म्हणून मी क्विनाइन दिलं. आणखी आठ दिवसांनी क्विनाइनने त्याच्या कानात घंटा वाजू लागल्या तरी ताप हटेना. मी चिडलो. माग बंद ठेवायला सांगितलं होतं, तो ठेवला होता का? नव्हता. गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या का? बायको म्हणाली घेतल्या, पण मी विश्वास ठेवला नाही. ही माणसं सांगितलेलं ऐकत नाहीत, अर्धं औषध घेऊन सोडून देतात आणि मग गुण नाही म्हणून ओरडतात, असं मी दवाखान्यातल्या सगळ्या लोकांदेखत त्याला सुनावलं. उदाहरण त्याचंच दिलं. वैशाखात त्याला रक्तआंवेची हगवण लागली होती. एमेटिनच्या सुया मी सुरू केल्या. पुऱ्या घ्यायच्या असतात, हा तीन सुयांनी बरं वाटलं म्हणून जो गायब झाला तो थेट आषाढात उगवला, असं मी मोठ्याने सांगितलं.

हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. अर्धवट राहिलेली रक्तआंव, पुढे दोन महिन्यांनी ताप आणि उजवा खांदा. परीक्षेत एवढं सांगितलं असतं तर कुठल्याही पोराने पुढचं उत्तर दिलं असतं. आंवेचा जंतू आतड्यातून यकृतात जातो, तिथे पू धरतो, आणि यकृत वर छाती-पोटामधल्या पडद्याला टेकलेलं असल्यामुळे दुखणं उजव्या खांद्यात जाणवतं. मी हे पाठ केलेलं होतं. पण मला तेव्हा रोगी नीट वागत नाही याचाच राग आला होता, आणि त्या रागात मी स्वतःचं बोलणं ऐकलंच नाही.

तो खाली मान घालून गेला आणि पुन्हा आला नाही.

पाच-सहा दिवसांनी कंपाउंडरने सांगितलं, त्याच्या घरी वडगावच्या म्हातारीला आणलंय. ही म्हातारी मूळची कणकुंबीकडच्या रानातली, वडगावात लेकीकडे राहायची. येताना रानातले बिब्बे आणायची आणि पोटदुखी, पाठदुखी, कावीळ, काही असो, बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरायची आणि त्याचं गरम तेल कातडीवर ठिपक्याठिपक्याने लावायची. तिथे आधी काळे डाग उठत आणि मग फोड. तिचे फोड घेऊन कितीतरी माणसं माझ्याकडे आली होती, आणि तिचं नाव निघालं तरी माझं डोकं फिरायचं. मी तसाच उठलो आणि दवाखान्यातली माणसं सोडून चौथ्या घरी गेलो.

धाकटा भिंतीला टेकून बसला होता. आडवं होता येत नव्हतं. उजवीकडे झुकलेला, उजवा हात बरगडीवर दाबून धरलेला, श्वास वरच्या वर. तोंडावर मातकट पिवळा रंग. तीन आठवड्यांत माणूस निम्मा झाला होता. त्याची बायको पायाशी बसली होती, थोरल्याची विधवा बायको चुलीकडे, आणि म्हातारी दाराजवळ आपलं गाठोडं आवरत होती. मी आधी त्याची बंडी वर केली. उजव्या बरगड्यांवर, काखेच्या सरळ खाली, बिब्ब्याचे चार फोड. बिब्बा चांगलाच उतला होता, भोवतालची कातडी लाल होऊन पाणी सुटलं होतं.

मी म्हातारीला नको नको ते बोललो. पोलिसात देईन म्हणालो. अडाणी लोकांच्या अंगावर जखमा करून ती पोट भरते म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं. तिचं बिनघोर तोंड बघून मी आणखी चिडलो आणि विचारलं, की खांदा दुखणाऱ्या माणसाला बरगडीवर डाग द्यायला तुला सांगितलं कुणी?

“खांद्यात काय न्हाय लेकरा,” ती म्हणाली. “मी एकेका फासळीच्या फटीत बोट घालून बघितलं. ह्या फटीत घातलं तसा त्येचा दम अडकला. दुखणं हितं हाय, म्हनून हितं डाग दिला. तू बोट घालून बघितलास न्हवं?”

फोडांच्या खाली एका बोटाच्या अंतरावर, दोन बरगड्यांच्या मधे, मी माझ्या बोटाचं टोक ठेवलं आणि दाबलं. त्याने डोळे मिटले, त्याचा श्वास तुटला, आणि त्याने माझं मनगट घट्ट पकडलं. मग मी बोटांनी ठोकून पाहिलं. यकृताचा भरीव आवाज जिथे थांबायला हवा त्याच्या चांगला चार बोटं वर चढला होता. दवाखान्यात छातीत खाली आवाज कमी आला होता तो मागांमुळे नव्हे.

तीन आठवडे हा माणूस माझ्याकडे येत होता आणि तीन आठवड्यांत मी त्याची बंडी एकदाही काढायला लावली नव्हती. म्हातारीने पहिल्याच दिवशी लावली होती.

पू फुटायच्या बेताला आला असावा. वर छातीत फुटला किंवा खाली पोटात फुटला, तर त्या काळात करण्यासारखं फारसं काही उरत नसे. सुई घालून तो बाहेर काढणं हाच इलाज, आणि तो त्याच दिवशी. मी त्याच्या बायकोला एवढंच सांगितलं, की याच्या बरगडीखाली पू झालाय, तो काढावा लागेल, मी दुपारपर्यंत येतो. तिने विचारलं, “जगतील न्हवं?” मी म्हणालो, आज काढला तर. ती लगेच पदर खोचून पाणी तापवायला उठली, जणू पू आत्ताच निघणार होता.

माझ्याकडे खांद्याचं तेल बाटलीभर होतं आणि पू ओढायची लांब सुई नव्हती. एमेटिनही संपलेलं. लढाईमुळे बाजारात मिळत नव्हतं, सगळं फौजेकडे जायचं. टांगा करून मी लष्कराच्या कॅम्पात गेलो. तिथे एक निवृत्त लष्करी डॉक्टर राहत असत. त्यांचे हात कापू लागले होते म्हणून त्यांनी काम सोडलं होतं, पण आयुष्यभर सोल्जरांची यकृतं पाहिलेला माणूस. मी घाईघाईने सगळं सांगितलं. त्यांनी सुई आणि हवा काढून पू ओढायची बाटली कपाटातून काढली, एमेटिनच्या कुप्या दिल्या, आणि मग सावकाश विचारलं, की फासळ्यांमधे बोट घालून कधी पाहिलंस?

मी म्हणालो, आज सकाळी.

ते आणखी काही बोलले नाहीत. त्यांनी रागावायला हवं होतं. परतीच्या टांग्यात मी त्यांच्या गप्प बसण्यावर चिडत होतो, म्हातारीवर चिडत होतो, रस्त्यातल्या खड्ड्यांवर चिडत होतो. स्वतःवर चिडायची पाळी येऊ नये म्हणून माणूस किती जणांना कामाला लावतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

परत आलो तर अडचण समोरच उभी. पू जिथे कातडीच्या सर्वांत जवळ होता, बरोबर तिथेच बिब्ब्याचे फोड. त्या ओल्या जखमेतून सुई घालणं म्हणजे बाहेरची घाण थेट यकृतात पोचवणं. म्हातारीने जागा अचूक शोधली होती आणि तीच जागा बिघडवून ठेवली होती. मला एक बरगडी खाली उतरून, सुई तिरकी वर न्यावी लागणार होती. मी त्याला मागाच्या कडेला बसवलं, तिथेच उजेड चांगला होता. पाय खड्ड्यात सोडलेले, दोन्ही हात पुढच्या रुळावर. कातडी बधिर केली. बायकोला त्याचं डोकं धरायला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून धरून राहिली. भांडं धरायला थोरल्याची विधवा पुढे आली.

पहिल्यांदा सुई गेली आणि काही आलं नाही. मी बाहेर काढली. माझा सदरा पाठीला चिकटला होता. दुसऱ्यांदा दिशा बदलली, आणखी अर्धा इंच आत गेलो, तशी सुईच्या टोकाला एकदम मोकळं लागलं. मी बाटलीचा खटका सोडला.

पू आला. यकृतातला हा पू पांढरा-पिवळा नसतो. तांबूस, तपकिरी, दाट असतो. संकेश्वरकडच्या गुऱ्हाळातली काकवी डोळ्यांपुढे आणा, तसा. बाटली भरली ती मी भांड्यात ओतायला दिली आणि पुन्हा लावली. तांब्याभर तरी निघाला असेल. धाकट्याने बऱ्याच दिवसांनी एक पुरा श्वास घेतला आणि तो घेतल्यावर आश्चर्याने माझ्याकडे बघितलं.

भांडं धरलेली बाई मात्र भांड्यात बघत होती. तिचा हात हलत नव्हता.

“ह्योच रंग,” ती म्हणाली. “त्येंच्या खोकल्यातनं ह्योच पडलंतं. मी म्हनलं, रगात असं नसतंय.”

मी तिला म्हणालो, भांडं हलवू नका. ते हलत नव्हतं.

मी सुई काढली, पट्टी बांधली आणि एमेटिनची पहिली सुई दिली. घरी जाऊन आदल्या वर्षीची वही काढली. थोरल्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात होतं: उजवा खांदा, तेल. मग: ताप, क्विनाइन. मग: खोकला, रक्त, क्षय. एकदा नव्हे, तीन वेळा तो माझ्यासमोर आला होता, आणि तिन्ही वेळा चुकलो होतो. भावाभावांचं एकच घर, एकच विहीर, गटारापासून चार हातांवर. थोरल्याचा पू पडदा फोडून फुप्फुसात शिरला होता आणि खोकल्यातून बाहेर पडत होता. तसं झालेली माणसंही एमेटिनने वाचतात. कुप्या तेव्हा माझ्या कपाटात होत्या. तेलाच्या बाटलीच्या खालच्या फळीवर.

धाकटा वाचला. या वेळी सुया घ्यायला त्याला बोलावलं नाही. रोज सकाळी मीच जात होतो, तो गायब होऊ नये म्हणून, असं मी सांगत असे. एमेटिन हृदयाला जड, म्हणून त्याला आडवं ठेवायचं होतं. तो ऐकेना, मागावर बसायला बघायचा, आणि माझी ओरड सगळ्या गल्लीला ऐकू जायची. भादव्यात तो पुन्हा धोटा पळवू लागला.

आणि गल्लीत काय ठरलं? वडगावच्या म्हातारीने बिब्बा लावून दुखणं वर ओढून आणलं, डॉक्टरनी वर आलेलं तेवढं काढून घेतलं. म्हातारीकडे रीघ लागली. खुद्द धाकटाही लोकांना हेच सांगे आणि वर मला येऊन सांगे की मी असं सांगतो. एरवी मी त्या गल्लीत तांडव केलं असतं. पण मी एका शब्दाने खोडलं नाही. लोकांना त्याचंही कौतुक वाटलं. एवढा चिडका माणूस, पण म्हातारीचा मान राखला, असं माझ्या सासऱ्यांना देवळात कुणीतरी म्हणालं.

मी मान राखत नव्हतो. सुईचं श्रेय घ्यायचं तर दुखणं काय होतं ते नीट सांगावं लागणार, आणि ते नीट सांगितलं की पुढचा प्रश्न थोरल्याचा. म्हणून मी गप्प होतो. भांड्यातला रंग पाहिलेली ती बाई दवाखान्यावरून रोज पाण्याला जायची. ती माझ्याकडे बघायची नाही आणि मीही वही उघडून काहीतरी वाचत बसायचो.

दिवाळीनंतर निपाणीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. माझ्या वडिलांच्या ओळखीचे. थोरल्याच्या मुलीला आपल्या मुलासाठी बघायला आले होते. मुलगी पसंत होती, पण गल्लीत कळलं होतं की क्षयाचं घर आहे. तुम्ही आपल्या गावचे, खरं काय ते सांगा, म्हणाले.

मी खरं सांगितलं. क्षय नव्हता, यकृताचं दुखणं होतं, पोरांना काही लागत नाही, चूक माझी झाली. आयुष्यात पहिल्यांदा ‘चूक माझी’ हे शब्द मी दवाखान्यात उच्चारले आणि ते वाया गेले. गृहस्थांनी माझ्याकडे मायेने बघितलं. पोरीच्या कल्याणासाठी खोटं बोलणारा भला डॉक्टर, असंच त्यांनी धरलं. ते म्हणाले, अहो, तुम्हीच गादी-पांघरूण जाळायला लावलंत ना? गल्ली सांगते. मी परत सांगितलं, समजावलं, शेवटी नेहमीप्रमाणे ओरडलो. ते हात जोडून गेले आणि निपाणीहून निरोप आला नाही.

त्यानंतर मला गप्प राहणं अशक्य झालं. एका दुपारी मी चौथ्या घरी गेलो. धाकटा मागावर होता, त्याची बायको आत होती. विधवा बाई ओसरीवर चरख्यावर धोट्याच्या कांड्यांवर सूत भरत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. वैनी, त्यांना क्षय नव्हता. याला झालं तेच त्यांना झालं होतं. मला ओळखता आलं नाही. ओळखता आलं असतं तर कदाचित वाचले असते. हे मी पाठ करून गेलो होतो आणि पाठ केलेलं भराभरा म्हणून टाकलं. ती रडेल, ओरडेल, धाकटा उठून येईल, याची तयारी होती. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला ठाऊक होतं.

तिने चरखा थांबवला. कांडीचं सूत तुटू नये म्हणून आधी टोक बोटाला गुंडाळलं.

“मग त्ये लुगडं कशाला जाळाय लावलासा?” ती म्हणाली. “दीड हातच ऱ्हायलं हुतं. मला इनाय येतंय. मी पुरं केलं असतं.”